रुळांनी वसवलेले गाव

बहुतेक गावे आधी वसतात आणि आगगाडी त्यांना शोधीत मागाहून येते. आमच्या वर्ध्याचे उलटे झाले. १८६२ साली नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा केला, तेव्हा वर्धा ही फक्त नदी होती. त्या नावाचे शहर नव्हते. जिल्ह्याची कचेरी पुलगावजवळच्या कवठ्याला होती. तिकडे मुंबईहून निघालेला जी. आय. पी. रेल्वेचा रूळ नागपूरकडे सरकत होता. त्याच्या वाटेवर, पालकवाडी नावाच्या लहानशा वस्तीच्या जागी, १८६६ साली नवे शहर आखले. १८६७ साली गाडी नागपूरला पोचली. वर्गात हे सांगितले की मुले विचारतात, “म्हणजे सर, गाडी गावासाठी नव्हती, गावच गाडीसाठी होतं?” मी म्हणतो, “अगदी तसंच!”

आणि गाडी कोणासाठी? माणसांसाठी, असे कोणी समजू नये. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाड-नागपूरकडे वळली. हिंगणघाटचा कापूस तर नामांकितच. पुढे वरोऱ्याच्या कोळशासाठी वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे एक फाटा काढला. कोळसा भरावा, वर्ध्याला आणावा, मुख्य मार्गाला लावावा, एवढेच त्याचे काम. पलीकडे रस्ता बंद.

पण रुळाचे नशीब कोणी पाहिले आहे? वरोऱ्याची ती खाण १९०६ साली बंद पडली. रूळ मात्र राहिले. ते बल्लारशापर्यंत वाढले, आणि १९२९च्या सुमारास काझीपेठेकडून आलेल्या मार्गाला मिळाले. कोळशाचा आडफाटा दिल्ली-मद्रास राजमार्गाचा तुकडा होऊन बसला!

इथेच गंमत झाली. आजकाल मुले संगणकाच्या पडद्यावर रूळ टाकण्याचा खेळ खेळतात. माझ्या वर्गातला एक विद्यार्थी त्यात तासन् तास अडकलेला असतो: दोन मार्ग जोडतो, आणि गाडी भलत्याच दिशेला तोंड करून उभी राहते. मग तो चिडून सगळे पुसतो आणि नव्याने मांडतो. वर्ध्याचे कोडे नेमके हेच. नागपूरहून दक्षिणेकडे जाणारी गाडी वर्ध्याच्या मुख्य स्टेशनात शिरली, तर तोंड फिरवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून निघावे लागेल. म्हणून त्या गाड्या वर्ध्याला न शिवता शेजारच्या सेवाग्राम स्टेशनावरून वळतात. त्याचे जुने नाव वर्धा पूर्व. मुंबईकडची गाडी वर्ध्याला, मद्रासकडची सेवाग्रामला! आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्याला पत्ता सांगण्याआधी गाडी विचारावी लागते, ती यामुळेच. पडद्यावरचे पुसता येते. जमिनीवरचे कोण पुसणार?

यापेक्षा जिव्हारी लागणारी गोष्ट आर्वीची. १९१७ साली पुलगावहून आर्वीला सुमारे ३५ किलोमीटरची गाडी सुरू झाली, पण अडीच फुटी रुळांची. मुख्य मार्ग साडेपाच फुटी. अरुंद रूळ टाकायला स्वस्त, हे खरे. पण मोठ्या मार्गाने पुढे जाणारी प्रत्येक गाठ पुलगावला उतरवून पुन्हा चढवायची. टाकताना वाचलेला पैसा हमालीत गेला. पुढे मोटार-ट्रक आले. ते जिनिंगच्या दारातून माल उचलीत आणि थेट बाजारात टाकीत. आज ती छोटी गाडी बंद आहे. तालुक्याचे गाव असून आर्वीकर गाडीसाठी एस.टी.ने पुलगाव किंवा वर्धा गाठतात.

नवे रूळही पडत आहेत. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग २००८-०९ साली मंजूर झाला, आणि त्यातला वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी खुला झाला. वर्ध्याहून हाकेच्या अंतरावरच्या देवळीला गाडी दिसायला, नागपूरला गाडी पोचल्यापासून, दीडशेहून अधिक वर्षे लागली. पण या वेळी रूळ मोठ्या मापाचे आहेत, आणि कळंबच्या माणसाला वर्ध्यात यायला तिकीट मिळते. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने भाकिते करू नयेत. तरी आर्वीच्या वाटेवर पुन्हा रूळ पडतील तेव्हा ते कोणत्या मापाचे पडतात, हे पाहायला मी जरूर जाईन.