पारियाच्या वाळूची वाट

पाटबंधारे खात्यात गाळाचा हिशेब एकाच बाजूने मांडतात: जलाशयात किती साठला आणि साठवणक्षमता किती घटली. धरणाखालच्या नदीला किती गाळ कमी पडला, असा रकाना माझ्या सगळ्या नोकरीत एकाही तक्त्यात दिसला नाही. कोलोरॅडो नदीने मात्र अमेरिकेतल्या इंजिनिअरांना तो आखायला लावला.

ॲरिझोनातलं ग्लेन कॅन्यन धरण ७१० फूट उंच. मार्च १९६३ मध्ये त्यात पाणी अडवायला सुरुवात झाली आणि वरून येणारा जवळजवळ सगळा गाळ लेक पॉवेल या त्याच्या जलाशयात बसू लागला. खालच्या ग्रँड कॅन्यनमध्ये पूर्वी उन्हाळ्याच्या तोंडावर, डोंगरातलं बर्फ वितळलं की, साधारण ८५ हजार क्युसेकचा लाल, गढूळ लोंढा यायचा. त्याच्या जागी निवळशंख, थंडगार पाणी आलं. तेही विजेच्या मागणीबरहुकूम: दिवसा चढायचं, रात्री उतरायचं. गाळ नसलेलं पाणी काठ खातं, हे आपल्याकडचा कुठलाही कालवा निरीक्षक सांगेल. इथे वाळूचे किनारे झिजत गेले. त्यांच्या आडोशाच्या उथळ, कोमट पाण्यात हंपबॅक चब माशाची पिल्लं वाढत. वाऱ्याने उडालेली वाळू वरच्या प्राचीन वस्त्यांच्या अवशेषांवर पांघरली जाई. राफ्टमधून येणाऱ्यांचे तंबूही याच वाळूवर पडत.

१९९२ मध्ये ग्रँड कॅन्यनच्या संरक्षणाचा कायदा झाला. झिजलेले किनारे पुन्हा भरून यावेत म्हणून धरणातून मुद्दाम पूर सोडून पाहायचं ठरलं. २६ मार्च १९९६ रोजी, देशाची जमीन आणि पाणी ज्यांच्या खात्याकडे होतं त्या ब्रूस बॅबिट या मंत्र्यांनी स्वतः झडप उघडली. वीजगृहाला वळसा घालणारे ८ फूट व्यासाचे चार नळ सोडले, आणि ४५ हजार क्युसेक पाणी आठवडाभर वाहिलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खडकवासल्यातून मुठेत जवळपास एवढाच विसर्ग झाला, तेव्हा पुण्यात नदीकाठची माणसं हलवावी लागली होती. ग्रँड कॅन्यनमध्ये मात्र माणसं मुद्दाम मोजमापं घ्यायला काठावर बसली होती.

किनारे वाढले, फोटो छापून आले. पण मोजमापांतून निघालं ते निराळंच. पूर वाळू उचलतो आणि धबधब्यासारख्या खळाळांच्या खाली, जिथे पाणी उलटं फिरतं, तिथे टाकतो. हे काम पहिल्या दोन-तीन दिवसांतच उरकलं होतं; पुढचं पाणी वाळू नुसती वाहून नेत राहिलं. शिवाय ती वाळू नदीच्या तळातून कमी आणि वरच्या अंगाच्या किनाऱ्यांच्या पायथ्यातून जास्त आली होती. तळात वर्षानुवर्षं साठा होत असेल, हा समज होता. प्रत्यक्षात नवी वाळू काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत पुढे निघून जाते.

मग नवी वाळू येते कुठून? मुलीकडे फिनिक्सला गेलो असताना लीज फेरीला मुद्दाम थांबलो. धरणापासून २५ किलोमीटरवर तिथे पारिया नावाचा ओढा मिळतो. आपल्याकडे त्याला कुणी नदी म्हणणार नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये तिकडेही मान्सून येतो, गडगडाटी सरी कोसळतात, आणि हा ओढा गाळाने लालभडक होऊन येतो. तेव्हा पूर सोडायचा तो पारियाने वाळू टाकल्यावर, आणि लवकर. २००४ च्या नोव्हेंबरात तसा ६० तासांचा पूर सोडला. २०१२ मध्ये त्याची रीतच ठरली, आणि २०१८ पर्यंत आणखी काही नोव्हेंबरांत पूर सोडले गेले.

सगळंच सरळ झालं असं नाही. २००८ चा मार्चमधला पूर बाहेरून आणलेल्या ट्राउट माशांना चांगलाच मानवला, आणि ट्राउट वाढणं चबच्या हिताचं नव्हतं. वीजगृहाला वळसा घालून गेलेल्या पाण्याची वीज बुडते, हीही तक्रार रास्त आहे.

पण खरी अडचण आता नळांचीच आहे. एप्रिल २०२३ मध्ये ७२ तास पूर सोडला, तेव्हा जलाशय बराच खाली गेलेला होता. नंतरच्या तपासणीत नळांची आतली बाजू पोकळीक्षरणाने खराब झालेली आढळली. म्हणजे वेगवान पाण्यात बुडबुडे फुटून पृष्ठभाग पोखरला होता. नळांना नवं अस्तर द्यावं लागलं. आणि एवढं करून त्यांतून सुटतं ते पाणीच, गाळ वरच अडून राहतो. गाळ खाली सोडायची वाट उभ्या धरणात मागाहून काढणं फार अवघड असतं. आपल्याकडे जे नवी धरणं आखत आहेत, त्यांनी गाळाचे दरवाजे पहिल्या नकाशातच दाखवावेत, आणि खालच्या नदीच्या गाळाचा रकानाही तक्त्यात घालावा.