बिर्याणीतला भात

‘बिर्याणी’ या शब्दात भात कुठेच नाही. फारसीत ‘बिर्याँ’ म्हणजे भाजलेलं. अबुल फज़लने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘ऐन-ए-अकबरी’त शाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांची मापं नोंदवली. त्यातलं ‘बिर्याँ’ म्हणजे अख्खी मेंढी, मीठ, तूप, केशर, लवंग, मिरी, जिरं. तांदळाचा एक दाणा नाही. मात्र त्याच यादीत ‘दुज्दबिर्याँ’ आहे : १० शेर तांदूळ, १० शेर मांस, साडेतीन शेर तूप. दुज्द म्हणजे चोर. भातात दडून बसलेलं मांस म्हणून चोर, असं आपलं मला कवी म्हणून वाटतं. पंडितांनी खुशाल हसावं.

या दोन्ही पाककृतींत मिरची नाही. ती अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली. तिच्याच मुलखात, पेरू देशात, ‘आरोस तापादो’ करतात. अर्थ अगदी सोपा, झाकलेला भात. वाटीत भाताचा थर, मध्ये परतलेला खिमा, वर पुन्हा भात, आणि वाटी ताटात उपडी. ‘आरोस’ हा शब्द स्पेनने अरबीतून घेतला. तेव्हा थर लावायची युक्ती एकट्या कुणाच्या मालकीची म्हणता येत नाही.

आता आपल्या शहराकडे येऊ. औरंगजेबाने मुलाला, आज़मला, लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात तुझ्याकडे खाल्लेल्या खिचडीची आणि बिर्याणीची चव आठवते, असं बाप लिहितो. सुलेमान नावाचा बावर्ची मागितला होता, तो तू दिला नाहीस. निदान त्याचा एखादा शागीर्द तरी पाठव! मुलखामागून मुलूख घेणाऱ्या बादशहाला मुलाकडून एक बावर्ची मिळेना.

पुढे १७२४ साली निज़ाम-उल-मुल्कने दख्खनची सत्ता हाती घेतली, तेव्हा राजधानी इथे, औरंगाबादेत होती. (शहराचं नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झालं.) १७६३च्या सुमारास निज़ाम अली खानाच्या काळात दरबार हैदराबादला हलला. दरबार हलतो तेव्हा नुसते कागद आणि तोफा हलत नाहीत. देगा, झारे आणि ते वापरणारे हातही बैलगाडीत बसतात. बिर्याणीच्या पाटीवर ‘हैदराबादी’ लिहिलेलं असतं, त्याला माझी हरकत नाही. त्या शहराने हा पदार्थ मोठा केला. पण त्या वाटेचा आरंभ इथला आहे, एवढं म्हणायला हवं. आपण खाताना सगळं चाखतो आणि इतिहासाची पाळी आली की हा पदार्थ ‘त्यांचा’ म्हणून ताट सरकवतो, हे मला खटकतं.

दख्खनी रीतीचं वेगळेपण पेरूच्या वाटीशी ताडून पाहावं. तिथे भात आणि खिमा दोन्ही आधी शिजलेले. इथल्या कच्च्या बिर्याणीत दही, मसाला, कच्ची पपई लावून मुरवलेलं मांस तळाशी कच्चंच घालतात. वर अर्धवट शिजवलेला तांदूळ, तळलेला कांदा, पुदिना, केशराचं दूध. झाकणाच्या कडेला मळलेली कणीक लावून देग बंद करायची, खाली मंद आच, झाकणावर निखारे. मध्येच उघडून बघायची सोय नाही. उघडली तर दम गेला. भात मोडतो, मांस कच्चं राहतं. बावर्ची वाफेच्या वासावरून आणि आतल्या आवाजावरून ओळखतो. वाढतानाही तो मधून ढवळत नाही. देगेच्या कडेने झारा सरळ तळापर्यंत उतरवतो, म्हणजे एकाच वाढणीत पांढरा भात, केशरी भात आणि तळाचं मांस, तिन्ही येतात.