टेस्टबेड.गेटची नऊ वर्षं

अँग्युलरची आवृत्ती वाढवली की मूळ ॲप बऱ्याचदा निमूट कंपाइल होतं, आणि टेस्टच्या फायली मात्र लाल होतात. सहकारी नव्या आवृत्तीवर चिडतात. मला वाटतं, खरी गोष्ट बरीच मागे सुरू होते.

ऑक्टोबर 2014 मध्ये पॅरिसला अँग्युलरच्या टीमने ॲटस्क्रिप्ट ही स्वतःची भाषा जाहीर केली होती. मार्च 2015 मध्ये तिचा नाद सोडून त्यांनी मायक्रोसॉफ्टची टाइपस्क्रिप्ट घेतली, आणि सप्टेंबर 2016 मध्ये अँग्युलर 2 आलं. टाइप सगळीकडे आले, पण टेस्टमध्ये एक पळवाट राहिली. टेस्टबेड.गेट म्हणून कुठलीही सर्व्हिस मागा, हाती यायचा तो 'एनी'. तिथून पुढे कंपायलर काहीच तपासत नसे.

फेब्रुवारी 2020 मध्ये नवव्या आवृत्तीने टेस्टबेड.इंजेक्ट आणलं, ते मागितलेल्या सर्व्हिसचा खरा टाइप देतं. जुनं गेट 'डेप्रिकेटेड' ठरलं, तरी 2025 च्या विसाव्या आवृत्तीपर्यंत टिकलं. इतकी वर्षं त्याच्या आधाराने टेस्ट लिहिल्या गेल्या.

गेटच्या जागी इंजेक्ट लिहिलं की आधी जॅस्मिनचे स्पाय अडतात. खऱ्या सर्व्हिसच्या मेथडला 'अँड' ही प्रॉपर्टी नाही, असं कंपायलर सांगतो. तिथे स्पायऑब्ज असा टाइप दिला की काम होतं. ही निव्वळ हमाली. मोलाच्या चुका त्यानंतर दिसतात. टेस्टमधल्या खोट्या ऑर्डरची रक्कम स्ट्रिंग असते, सर्व्हिसला नंबर हवा असतो. मॉडेलमध्ये नवं सक्तीचं फील्ड आलेलं असतं, टेस्टला त्याचा पत्ता नसतो. अशी टेस्ट वर्षानुवर्षं हिरवी राहते आणि ॲपमध्ये कधीच न येणारा डेटा तपासत बसते. मला ते फार लागतं, कारण त्या हिरव्या खुणेवर विसंबून कुणीतरी रिलीज केलेलं असतं.

फॉर्म्सच्या बाबतीत टीमने अधिक प्रामाणिक वाट काढली. टाइप्ड फॉर्म्सची मागणी 2016 पासूनची, ती जून 2022 मध्ये चौदाव्या आवृत्तीत पुरी झाली. तेव्हा एनजी अपडेटने जुन्या फॉर्मग्रुपचं नाव बदलून अनटाइप्डफॉर्मग्रुप केलं. कोड चालू राहिला आणि काय उरलंय ते नावातच दिसू लागलं. शोधायचं म्हटलं तर एका सर्चमध्ये यादी मिळते.

म्हणून रिव्ह्यूमध्ये 'ॲज एनी' लिहून गप्प केलेली ओळ दिसली, तर मी ती परत पाठवतो. अनटाइप्ड नाव मात्र पुढच्या स्प्रिंटपर्यंत राहू देतो.