दर्या आणि दऱ्या

पूर्वीच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्याला दर्याही आहे आणि दऱ्याही आहेत. अलिबाग-मुरूडकडील माणूस पहिल्या शब्दावर पोट भरतो, तर १८९१ साली ठाण्यातून काढून कुलाब्यास जोडलेल्या कर्जत तालुक्यातील आणि त्यास लागून असलेल्या खालापुरातील माणूस बोरघाटाच्या पायथ्याशी दुसऱ्या शब्दात नांदतो. ‘दर्या’ म्हणताना द वर आघात येतो, ‘दऱ्या’ म्हणताना येत नाही. लिहिताना पहिल्या शब्दातील र रफार होऊन य च्या डोक्यावर चढतो, आणि दुसऱ्यातील र एका चिमुकल्या आडव्या कोरीच्या रूपाने य च्या डाव्या अंगास बिलगून राहतो. आचार्यांना नमस्कार करावा आणि आचाऱ्यांना शिधा द्यावा, हा विवेक मराठी लिपी या एवढ्याशा कोरीच्या बळावर राखते.

कर्जत-खालापूर या दोन तालुक्यांत तर या कोरीवाचून कचेरीचे पानही हलत नाही. कर्जत हे नाव साध्या रफारावर भागते, आणि ‘कातकरी’ हा शब्दही मूळ रूपात निरुपद्रवी आहे; पण त्याला विभक्ती लागली, ‘कातकऱ्यांची वाडी’ असे दप्तरात नोंदवायची वेळ आली, की कोर हजर! शेतकऱ्यांचा सारा, गावकऱ्यांचा अर्ज, डोंगराच्या दऱ्या, सर्वत्र तीच. हिंदीला तिची गरज पडत नाही. नेपाळीला मात्र पडते.

खिळ्यांच्या छपाईत हा प्रश्न सोपा होता. देवनागरीचे खिळे मुळातच शेकड्यांनी मोजावे लागत, तेव्हा त्यांत आणखी एक ओतून घेतला तर कारखानदाराचे दिवाळे निघत नसे आणि जुळाऱ्याचा हातही त्या घरापर्यंत सहज पोहोचे. संगणकाच्या अक्षर-सारणीत मात्र जागा २५६, त्यांतील निम्म्या रोमन लिपीकडे अगोदरच इनाम दिलेल्या. उरलेल्या निम्म्यांत भारतीय मानक ब्युरोने ‘इस्की’ नावाने, १९९१ च्या आय. एस. १३१९४ या मानकाबरहुकूम, ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व प्रमुख भारतीय लिप्या एकाच नकाशावर बसविल्या, म्हणजे बंगालीचा क, तमिळचा क आणि मराठीचा क यांना एकच क्रमांक. ही योजना मला आजही सुंदर वाटते. परंतु साधेपणाच्या या जमाबंदीत आमच्या कोरीस स्वतंत्र वतन मिळाले नाही. तमिळ-मल्याळममधील कठोर र साठी, खाली टिंब दिलेला जो ऱ सारणीत होता, त्याचे अर्धे रूप म्हणजेच मराठीची कोर, असा नियम करून तिला तेथे पोटभाडेकरू म्हणून ठेवण्यात आले! कातकऱ्यांच्या वाडीचा दाखला असा द्रविड अक्षराच्या जामिनावर लिहिला जाऊ लागला.

जगातील लिप्यांची सामाईक सारणी असलेल्या युनिकोडने इस्कीचाच नकाशा उचलला, पण १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत कोरीसाठी निराळी वाट होती: र, मग हलन्त, आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पुढे इस्कीची टिंबवाली वाट मान्य झाली, आणि जुने लेखन बाद होऊ नये म्हणून आधीचीही चालू ठेवली. उदारपणा खरा, पण त्याचा भुर्दंड वाचकावर बसला. वाड्यांची एक यादी दोघा टंकलेखकांनी आपापल्या वाटेने टंकलिखित केलेली माझ्यासमोर होती. ‘कातकऱ्यांची’ हा शब्द शोधावा तर यंत्र निम्म्या नोंदी दाखवी आणि निम्म्या दडवी, कारण पडद्यावर जुळी दिसणारी अक्षरे त्याच्या लेखी परकी होती. ते अदृश्य चिन्ह नकलाबदलीत कोठे गळून पडले, तर दऱ्यांचा दर्या होतो आणि कर्जतला न मागता समुद्र मिळतो.

मोडीची गोष्ट याच्या उलट. जुन्या खतांची आणि हिशेबांची ही लिपी जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत ७९ चिन्हांसह दाखल झाली, आणि ज्या ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा बोरू सरसर ओढणाऱ्या कारकुनाने कधी केली नाही, त्यांनाही तेथे वेगवेगळी घरे मिळाली. मृत लिपीला ऐसपैस वाडा आणि जिवंत कोरीला पडवी, हा न्याय मला उरफाटा वाटतो. सारणी साधी ठेवायची होती तर दोन वाटांपैकी एक तेव्हाच बुजवायला हवी होती.

ते आता होणे नाही. टंकलेखन करणाऱ्यांस विनंती इतकीच की, अदृश्य चिन्हाच्या नादी न लागता ऱ हेच अक्षर वापरावे. इनस्क्रिप्ट कळपाटावर ते र च्याच कळीवर, शिफ्ट दाबल्यावर उमटते.