अंबरनाथच्या लेखातील एक अंक

शहापूर-मुरबाडच्या मुलखात एखाद्या पडक्या देवळापाशी उभे राहून ‘हे कोणी बांधले?’ असे विचारले, तर बहुधा दोनच उत्तरे कानी येतात. एक पांडवांनी, तेही एका रात्रीत; दुसरे, हेमाडपंताने. अंबरनाथचे शिवालयही या दोन्ही उत्तरांतून सुटलेले नाही. पण तेथे प्रत्यक्ष दगडच बोलतो, म्हणून आम्ही त्याची साक्ष काढणार आहोत.

देवळाच्या उत्तरेकडील दारावर, आतल्या बाजूस, संस्कृत शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातील शक ७८२ असा वाचला. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ९८२. एका अंकाचा फरक, पण देऊळ दोनशे वर्षे मागेपुढे सरकते! मग निवाडा कसा व्हावा? लेखात शिलाहार राजा माम्वाणी, म्हणजेच मुम्मुणी, आणि त्याचा वडील बंधू छित्तराज यांची नावे आहेत. छित्तराजाचा भांडुपचा ताम्रपट शके ९४८ चा, म्हणजे सन १०२६ चा आहे. तेव्हा त्याच्या धाकट्या भावाचा लेख सन ८६० चा कसा असेल? शके ९८२, सन १०६० हाच काळ खरा. थोरल्याने आरंभिले, धाकट्याने पुरे केले, असा अभ्यासकांचा कयास आहे.

हेमाद्री यादवांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. म्हणजे हे देऊळ त्याच्या जन्माआधीच दीडदोन शतके उभे होते.

याची घडणही पाहण्याजोगी आहे. पश्चिमाभिमुख सभामंडप, तीन दिशांना तीन मुखमंडप, आणि पायऱ्या उतरून जावे असा खोल गाभारा. शिखर भूमिज पद्धतीचे: उभ्या नक्षीपट्ट्या व त्यांच्या मधून लहान लहान शिखरांच्या ओळी वर चढत गेलेल्या. शिखराचा माथा ढासळला आहे, गाभाऱ्यावर आभाळच दिसते. हीच पद्धत माळव्यात परमारांच्या उदयपूरला व सिन्नरच्या गोंदेश्वरालाही आढळते. कोकण एकाकी नव्हते. कल्याणहून मुरबाडमार्गे नाणेघाट चढून जुन्नरला जाणारी वाट सातवाहनकाळापासून वाहती होती. मालाबरोबर कलेच्या रीतीही अशाच वाटांनी फिरत असतात.

सरकारी संरक्षणाने अंबरनाथचा दगड जपला. सन १८६८ मध्ये मुंबई सरकारने त्याची रेखाटने व साचेही करविले. पण गावकुसाबाहेरच्या वीरगळांना, नदीकाठच्या कोरीव शिळांना राखणदार कोण? जीर्णोद्धाराच्या भरात आम्ही त्यांवर तैलरंग चढवितो, पायाच्या भरावात त्या लोटून देतो. एक अंक चुकला, तर दोनशे वर्षांचा घोटाळा होतो. अक्षरच बुजले, तर वाद घालायलाही काही उरत नाही. म्हणून चुन्याची बादली उचलण्यापूर्वी त्या दगडावर काही लिहिलेले आहे का, एवढे तरी आम्ही पाहू या.