तेलाची स्वस्ताई आणि सुटीचा प्रवास

वार्षिक परीक्षा संपत आल्या कीं मध्यम वर्गाच्या घरांत सुटींतील प्रवासाचा विषय निघतो. आणि त्याच सुमारास पेट्रोलचा भाव उतरल्याची वार्ता आली, तर महाबळेश्वरापुरते असलेले बेत पाहतां पाहतां कन्याकुमारीपर्यंत लांबतात. तेल स्वस्त म्हणजे प्रवास स्वस्त, ही समजूत इतकी सोपी आहे कीं ती तपासून पाहावी असें सहसा कोणास वाटत नाहीं. ती तपासावयाची तर १९८६ च्या उन्हाळ्याइतकें बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

१९७३ आणि १९७९ च्या भाववाढींनंतर जग तेल जपून वापरावयास शिकलें. उत्तर समुद्रांतून व अलास्कांतून नवें तेल येऊं लागलें. आणि भाव टिकविण्याचा भार बहुतांशीं सौदी अरेबियावर पडला. १९८० सालीं रोज सुमारें एक कोटी पिंपें काढणारा हा देश १९८५ च्या उन्हाळ्यांत जेमतेम पाव हिश्श्यावर आला. शेवटीं तेलमंत्री यामानी यांनीं हा एकाकी उपवास सोडला, आणि तीस डॉलरांच्या आसपासचें पिंप १९८६ च्या जुलैंत दहा-अकरा डॉलरांवर आलें. ऑक्टोबरांत यामानींचें मंत्रिपदही गेलें.

अमेरिकेंत पेट्रोलचा सरासरी भाव १९८५ मध्यें गॅलनास सुमारें १ डॉलर २० सेंट होता. तो १९८६ मध्यें ९३ सेंटांवर उतरला. लोक मोटारी काढून निघाले खरे. पण हा सारा प्रताप तेलाचाच काय? आदल्या वर्षीं भूमध्य समुद्राच्या परिसरांत विमान व जहाज पळविण्याचे प्रकार घडले होते. एप्रिलांत अमेरिकेनें लिबियावर बाँबफेक केली. महिनाअखेरीस चेर्नोबिल येथें अणुभट्टीचा स्फोट झाला. युरोपास जाणारे पुष्कळ अमेरिकन त्या वर्षीं गेलेच नाहींत. भीतीनेंही लोकांस घरचे डोंगर आठवतात.

हिशेबच करूं. २००० मैलांचा दौरा, आणि गॅलनास २० मैल चालणारी मोटार. पेट्रोल लागेल १०० गॅलन, बचत २७ डॉलर. रस्त्याकांठच्या साध्या मोटेलांतील एखादी रात्र त्यांत निघाली, इतकेंच! खोली, जेवण आणि मुलांचे हट्ट यांचे दर यामानींच्या हातीं नव्हते. उलट, टेक्सासमधील ह्यूस्टन शहरांत त्याच मोसमांत तेलविहिरींचीं कामें बंद पडत होतीं, आणि पुढें त्या राज्यांतील मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. एका कुटुंबाची सुटी ज्या भावानें सोपी केली, त्यानेंच दुसऱ्याची मिळकत नेली.

आणि आपल्याकडे? त्या काळीं तेलाचे भाव सरकार ठरवीत असे. जगांत तेल कोसळत असतां फेब्रुवारी १९८६ मध्यें राजीव गांधींच्या सरकारनें ते वाढविले, व ओरड झाल्यावर वाढीचा कांहीं भाग मागें घेतला. तीस वर्षांनीं तोच प्रकार दुसऱ्या वेषांत दिसला. जून २०१४ मध्यें शंभर डॉलरांच्या वर असलेलें पिंप जानेवारी २०१६ मध्यें तिसांच्या खालीं गेलें. या अवधींत केंद्र सरकारनें उत्पादन शुल्क नऊ वेळां वाढविलें. दिल्लींत पेट्रोल लिटरमागें एकाहत्तर रुपयांवरून साठांच्या आसपास आलें. त्या पैशांनीं तिजोरीची तूट भरली असेल, रस्तेही झाले असतील. आम्ही अर्थशास्त्राचे अध्यापक नव्हेत, तेव्हां वाद घालीत नाहीं. प्रवाशाच्या खिशांत मात्र त्यांतील थोडेंच पडलें.

तेलाच्या स्वस्ताईची कमाल झाली ती २० एप्रिल २०२० रोजीं. त्या दिवशीं अमेरिकेच्या वायदेबाजारांत पिंपाचा भाव शून्याच्याही खालीं गेला. त्याच दिवसांत आपल्याकडे प्रवासी गाड्या बंद होत्या, सुटीचे सारे बेत रद्द झाले होते, आणि मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर मजुरांचीं कुटुंबें, डोक्यावर बोचकीं व कडेवर मुलें घेऊन, पायीं आपापल्या गांवीं निघालीं होतीं.