तेलविहिरीपासून बॉनेटपर्यंत

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगातलं जवळपास निम्मं तेल एकट्या बाकूतून निघे, आणि तिथल्या विहिरी वरचेवर पेटत. पाणी मारून भागत नसे. पाणी खाली जाई, तेल वर जळतच राही. बाकूत शिक्षकी करणाऱ्या अलेक्सांद्र लोरान यांनी 1902 ते 1904 या काळात त्यावर उपाय शोधला. सोडियम बायकार्बोनेट आणि ॲल्युमिनियम सल्फेट यांची द्रावणं एकत्र आणून त्यांनी फेस काढला. तो टिकावा म्हणून ज्येष्ठमधाचा अर्क घातला. जळत्या तेलावर हा थर पसरून राहिला.

गाडी धुणाऱ्याची अडचण याच जातीची. उभ्या दारावर साबणाचं पाणी टिकत नाही, आणि मळ भिजायला तर वेळ हवा.

गाडीवर असाच टिकणारा फेस मारायचा, तर आधी दाबाचं पाणी हाताशी यावं लागलं. युद्धानंतर अमेरिकी सैन्याची वाफेची सफाईयंत्रं दुरुस्त करता करता जर्मनीतल्या कार्चर कंपनीने 1950 मध्ये गरम पाण्याचं हाय-प्रेशर यंत्र बनवलं. घरगुती गिऱ्हाइकासाठी उचलून नेता येणारं यंत्र यायला मात्र 1984 उजाडलं.

अशा यंत्राला जोडायच्या, फेस उडवणाऱ्या फोम गनचं तत्त्व त्याहून कितीतरी जुनं. अरुंद वाटेतून जाताना प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब उतरतो, हे इटलीच्या जोव्हानी बात्तिस्ता वेंतुरी यांनी 1797 मध्ये मांडलं होतं. गनमधलं पाणी सव्वा मिलिमीटरच्या आसपासच्या छिद्रातून सुटतं, उतरलेला दाब बाटलीतला शाम्पू नळीवाटे वर ओढतो, सोबत हवाही आत येते आणि हे मिश्रण स्टीलच्या जाळीतून फुटत फेसाळतं. वरची कळ शाम्पूचं प्रमाण ठरवते, पुढचं तोंड फवाऱ्याची रुंदी. लहान यंत्राला 1.1 मिलिमीटरचं छिद्र बरं पडतं, कारण पाणी कमी असलं की मोठ्या छिद्रात दाबच धरत नाही. बागेच्या पाइपला जोडायच्या साध्या गनचा फेस पातळ निघतो, त्याचंही कारण दाबच.

फेस अचानक पातळ झाला की पुष्कळ जण शाम्पू वाढवतात. दोष बहुधा जाळीत असतो. वाळलेल्या शाम्पूने ती तुंबते. काम संपल्यावर बाटलीत साधं पाणी भरून गन मिनिटभर चालवली तर ही वेळ सहसा येत नाही. दाट पांढरा थर फोटोत देखणा दिसतो खरा, पण काम करतो तो त्यातला ओलावा. कोरड्या फेसापेक्षा सावकाश ओघळणारा फेस मळ जास्त भिजवतो. तो उन्हात वाळू द्यायचा नाही, म्हणून गाडी सावलीत घ्यायची.

आपल्याकडच्या वॉशिंग सेंटरवर बऱ्याच ठिकाणी वेगळी सोय दिसते. टाकीत पाणी आणि शाम्पू भरून त्यात कॉम्प्रेसरची हवा कोंडतात, त्यामुळे फेसासाठी प्रेशर वॉशर लागतच नाही. फेसाला पाणी थोडं पुरतं. खर्च होतो तो आधीच्या आणि नंतरच्या फवाऱ्यात. मार्च 2024 मध्ये टंचाईच्या काळात बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घातली आणि 5,000 रुपयांचा दंड लावला.